रस्त्यापलीकडचे मैदान

अमेरिकेतील बोस्टन शहरालगत ब्रुकलाइन नावाचे गाव आहे. तेथील गोल्फच्या मैदानासमोर, रस्त्याच्या अलीकडे, एका माळ्याचे घर होते. फ्रान्सिस विमेट हा त्या माळ्याचा मुलगा. त्याचा जन्म ८ मे १८९३ रोजी झाला.

लांब काठीने लहानसा चेंडू टोलवीत दूरच्या खळग्यात घालायचा आणि असे अठरा खळगे कमीत कमी टोल्यांत पुरे करायचे, असा हा खेळ. त्या काळी तो धनिकांचाच मानला जाई. माळ्याच्या मुलाला मैदानात प्रवेश मिळे, तो खेळाडूंच्या काठ्या वाहण्यासाठी. असे काम करणाऱ्या पोऱ्याला 'कॅडी' म्हणतात. फ्रान्सिस कॅडी झाला. हरवलेले चेंडू वेचून त्याने ते जपून ठेवले आणि भावाच्या मदतीने घरामागच्या कुरणात डबे पुरून आपले स्वतःचे मैदान केले! पुढे शिक्षण सोडून तो खेळाच्या साहित्याच्या दुकानात नोकरीस लागला. खेळ मात्र सुटला नाही.

१९१३ च्या सप्टेंबरात अमेरिकेची खुली स्पर्धा त्याच मैदानावर भरली. इंग्लंडचे हॅरी वॉर्डन व टेड रे हे नामांकित धंदेवाईक खेळाडू तिच्यात उतरले होते. वॉर्डन यांनी ब्रिटिश खुली स्पर्धा तोवर पाच वेळा जिंकली होती. अखेरच्या दिवशी फ्रान्सिस मागे पडला होता. पण सतराव्या खळग्याशी, म्हणजे अगदी आपल्या घरासमोर, त्याने दूरवरून चेंडू अचूक आत घातला. तिघांचेही ३०४ टोले झाले.

निर्णयासाठी २० सप्टेंबरला, पावसाळी हवेत, पुन्हा सामना झाला. फ्रान्सिसचा कॅडी एडी लोअरी अवघा दहा वर्षांचा होता. त्याच्याऐवजी अनुभवी माणूस घ्यावा, असा आग्रह झाला. फ्रान्सिसने तो मानला नाही. वॉर्डनला ७७ टोले लागले, रेला ७८ आणि फ्रान्सिसला ७२. वीस वर्षांचा हा हौशी खेळाडू विजयी झाला.

१९१६ साली मात्र अमेरिकेच्या गोल्फ संघटनेने त्याला हौशी मानण्यास नकार दिला. कारण काय, तर त्याने क्रीडासाहित्याचा व्यापार मांडला होता! पोटासाठी धंदा करणे आणि पैशासाठी खेळणे यांत केवढे अंतर आहे! तो हक्क त्याला परत मिळाला खरा, पण त्यापूर्वी महायुद्धात सैन्याची नोकरी घडली. १९३१ साली, वयाच्या अडतिसाव्या वर्षी, विमेट यांनी हौशी खेळाडूंची राष्ट्रीय स्पर्धा पुन्हा जिंकली. १९१४ सालीही ती त्यांनीच जिंकली होती.

१९५१ साली स्कॉटलंडमधील सेंट अँड्रूज येथील प्रख्यात गोल्फ संस्थेने त्यांना आपले कप्तान केले. तो मान मिळविणारे ते पहिलेच अमेरिकन. त्याआधी, १९४९ साली, त्यांच्या नावाने एक निधी उभारण्यात आला होता. १९६७ साली विमेट निवर्तले. काठ्या वाहणाऱ्या मुलांना महाविद्यालयीन शिक्षणासाठी त्या निधीतून शिष्यवृत्त्या मिळू लागल्या.