न बदललेल्या तारांचा वादक : जेम्स जेमर्सन

आसगाव (जि. भंडारा) : दिवाळी सरली की झाडीपट्टीत नाटकांचा हंगाम सुरू होतो. वैनगंगेच्या खोऱ्यातील गावांत रात्रभर चालणाऱ्या या प्रयोगांत गाणी वाद्यांच्या साथीने प्रत्यक्ष रंगमंचावर गायिली जातात. गाणाऱ्या नटाचे नाव प्रेक्षकांच्या ओठांवर असते, साथ करणाऱ्याचे क्वचितच. साथीदाराच्या वाट्याला येणारी ही अनामिकता जगभर सारखीच आहे. अमेरिकेतील बास गिटारवादक जेम्स जेमर्सन हे तिचे ठळक उदाहरण. त्याच्या वादनावर उभी राहिलेली गाणी कोट्यवधी लोकांनी ऐकली, पण बरीच वर्षे त्याचे नाव तबकडीच्या वेष्टनावर छापलेही गेले नाही. ज्या जुन्या, गुळगुळीत तारांनी त्याला त्याचा नाद दिला, त्याच तारांचा आग्रह पुढे त्याच्या उपजीविकेच्या आड आला.

जेमर्सनचा जन्म २९ जानेवारी १९३६ रोजी दक्षिण कॅरोलायना राज्यातील चार्ल्सटनजवळच्या एडिस्टो बेटावर झाला. आजी पियानो वाजवीत असे आणि मावशी चर्चच्या गायनवृंदात गात असे. त्यामुळे संगीताचे संस्कार घरातच झाले. १९५४ साली तो आईबरोबर डेट्रॉइट या मोटारींच्या शहरात आला. तेथील नॉर्थवेस्टर्न हायस्कूलमध्ये त्याने डबल बास हे माणसाच्या उंचीचे, उभे धरून वाजवायचे वाद्य हाती घेतले आणि लवकरच शहरातील जाझच्या मैफलींत त्याला बोलावणी येऊ लागली.

१९५९ साली बेरी गॉर्डी याने डेट्रॉइटमध्ये एक ध्वनिमुद्रिका कंपनी काढली. वेस्ट ग्रँड बुलेव्हार्डवरील एका साध्या घरात तिचा स्टुडिओ होता. हीच पुढे मोटाउन या नावाने जगप्रसिद्ध झाली. जेमर्सन त्याच वर्षी तेथे वाजवू लागला. 'फंक ब्रदर्स' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या वादकांच्या ताफ्याचा तो कणा बनला. टेम्प्टेशन्स, सुप्रीम्स, फोर टॉप्स, स्टीव्ही वंडर, मार्विन गे अशा गायक-गायिकांची गाणी हा एकच ताफा वाजवीत होता. अमेरिकेच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत अग्रस्थानी पोहोचलेल्या जवळपास ३० गाण्यांत जेमर्सनचा बास आहे.

साठच्या दशकाच्या आरंभी तो डबल बासकडून बास गिटारकडे वळला. लिओ फेंडर याने १९५१ साली बाजारात आणलेल्या 'प्रिसिजन बास' या वाद्याला सतारीसारखे पडदे असल्याने सूर अचूक लागे आणि विजेवर चालत असल्याने आवाज मोठा होई. जेमर्सनचे सर्वाधिक गाजलेले वाद्य १९६२ सालचे होते. त्यावर त्याने ला बेला कंपनीच्या जाड तारांचा संच चढविला होता. सर्वांत बारीक तार ५२ आणि सर्वांत जाड तार ११० सहस्रांश इंच जाडीची. तारा पडद्यांपासून इतक्या उंच बांधलेल्या असत, की इतरांना ते वाद्य वाजविणे अवघड जाई. उजव्या हाताच्या केवळ तर्जनीने तो छेडीत असे; त्या एका बोटाला सहकाऱ्यांनी 'हुक' म्हणजे आकडा असे नाव दिले होते.

या तारांची रचना समजून घेतल्याशिवाय जेमर्सनचा नाद कळत नाही. बासच्या तारेत मधोमध पोलादी गाभा असतो आणि त्याभोवती दुसरी तार गुंडाळलेली असते. ही वरची तार गोल असेल तर पृष्ठभाग स्क्रूच्या आट्यांसारखा खडबडीत होतो. डावा हात एका सुरावरून दुसऱ्या सुराकडे सरकला की बोटाची त्वचा एकेका वेढ्यावर आपटत जाते आणि चर्र असा आवाज निघतो. हात जितका वेगाने सरकेल तितकी ती चर्र अधिक टिपेची. गाभ्याभोवती गोल तारेऐवजी सपाट पट्टी गुंडाळली तर पृष्ठभाग गुळगुळीत होतो आणि हा आवाज जवळजवळ नाहीसा होतो. त्याची किंमतही मोजावी लागते. सपाट वेढ्याच्या तारेत वरचे, झगमगते उपस्वर कमी आणि मूळ सुराचा दमदार ठोका अधिक असतो. आपल्याकडील सतारिये घसीट सुलभ व्हावी म्हणून बोटाला खोबरेल तेल लावतात. येथे तो गुळगुळीतपणा तारेतच असतो.

मोटाउनमध्ये बासचा आवाज ध्वनिक्षेपकासमोर मायक्रोफोन न ठेवता थेट ध्वनिमुद्रण यंत्रणेत जाई. त्यामुळे वादकाच्या बोटांची प्रत्येक हालचाल उघडी पडत असे. जेमर्सनच्या सुरावटी तर साध्या नव्हत्या. डबल बासवरील जाझच्या सवयीने तो मोकळ्या तारा, अर्धस्वर आणि अनपेक्षित ठिकाणी पडणारे आघात यांची गुंफण करी. इतकी धावपळ असूनही नाद गोल राहिला, याचे श्रेय त्याच्या हाताबरोबरच त्या सपाट तारांना आणि वाद्याच्या झाकणाखालील स्पंजच्या तुकड्याला द्यावे लागते. तार तुटल्याशिवाय तो बदलीत नसे. तारांवर साचलेल्या घाम-मळातच संगीताची खरी लय आहे, अशी त्याची श्रद्धा होती. त्यामागे शास्त्रही आहे. हा मळ वेढ्यांच्या फटींत बसतो आणि वरचे उपस्वर आणखी दबतात.

आरंभी ही त्याची खास निवड नव्हती. त्या काळी बास गिटारवर सर्रास सपाट वेढ्याच्याच तारा असत. खरी निवडीची वेळ नंतर आली. १९६६ साली ब्रिटनमधील 'द हू' या बँडच्या जॉन एंटविसलने रोटोसाउंड कंपनीकडून गोल वेढ्याच्या तारा आपल्या पसंतीप्रमाणे तयार करवून घेतल्या. त्यांचा पियानोसारखा खणखणीत आवाज लोकप्रिय झाला. सत्तरच्या दशकात अंगठ्याने तार आपटून वाजविण्याची पद्धत आली आणि तिला असल्याच तारा हव्या होत्या.

मार्विन गे याच्या १९७१ सालच्या 'व्हॉट्स गोइंग ऑन' या संग्रहावर जेमर्सनचे नाव अखेर छापले गेले. पण १९७२ साली मोटाउनने आपला कारभार लॉस एंजलिसला हलविला. ताफ्यातील अनेक जण डेट्रॉइटमध्येच राहिले. जेमर्सन मात्र कंपनीपाठोपाठ गेला. तेथे त्याने काही यशस्वी गाणी वाजविली, परंतु नव्या निर्मात्यांना नवा, चकचकीत बास हवा होता. त्याने तारा बदलल्या नाहीत आणि नव्या पद्धतीही फारशा आपल्याशा केल्या नाहीत. दारूच्या जुन्या व्यसनाने त्यात भर घातली. दोष केवळ तारांचा नव्हता; पण कामे आटली ती आटलीच.

मार्च १९८३ मध्ये मोटाउनच्या रौप्यमहोत्सवाचा भव्य कार्यक्रम झाला. ज्याने या गाण्यांचा पाया घातला तो जेमर्सन स्वतः तिकीट काढून सज्जात बसला होता. काही महिन्यांनी त्याचे ते १९६२ चे वाद्य चोरीला गेले. त्यानंतर थोड्याच दिवसांत, २ ऑगस्ट १९८३ रोजी, यकृताच्या विकाराने व त्यातून उद्भवलेल्या गुंतागुंतीने वयाच्या ४७ व्या वर्षी त्याचे निधन झाले.

मानसन्मान नंतर आले. २००० साली 'रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम'ने साथीदार वादकांचा स्वतंत्र विभाग सुरू केला, त्यातील पहिल्या मानकऱ्यांत तो होता. २००२ साली फंक ब्रदर्सवर माहितीपटही निघाला.

बोटांची चर्र नको असलेल्या आजच्या वादकापुढे पर्याय अनेक आहेत. सपाट वेढ्याच्या तारा आहेत. गुंडाळल्यानंतर घासून अर्धवट सपाट केलेल्या आहेत, त्यांत झगमग थोडी शिल्लक राहते. नायलॉनची पट्टी गुंडाळलेल्याही आहेत. खणखणीतपणा हवा तर चर्र थोडी सोसावी लागते आणि पूर्ण शांतता हवी तर झगमग सोडावी लागते, हे मात्र बदललेले नाही. जेमर्सनने यांतील एक बाजू निवडली आणि अखेरपर्यंत पाळली. ला बेला कंपनीने पुढे ५२ ते ११० जाडीचा तोच संच बाजारात आणला. तबकडीवर ज्याचे नाव छापायचे राहून गेले, त्याचे नाव त्या तारांच्या पाकिटावर आहे.