समुद्रात मासे पेरणारा माणूस

धरणात किंवा गावच्या तलावात मत्स्यबीज सोडल्याची बातमी तुम्ही वाचली असेल. बोटभर पिल्लं पाण्यात सोडतात, फोटो निघतो, पुढच्या हंगामात मासे मिळतील अशी आशा धरतात. पण तलाव नाही, थेट समुद्रातच मत्स्यबीज सोडायचं म्हटलं तर? ऐकायला वेडेपणा वाटतो ना? दीडशे वर्षांपूर्वी अमेरिकेत एका माणसानं हे सरकारी पातळीवर सुरू केलं. त्याचं नाव स्पेन्सर फुलर्टन बेअर्ड.

बेअर्डचा जन्म ३ फेब्रुवारी १८२३ चा, पेनसिल्व्हेनियातल्या रीडिंग गावचा. पोराला पक्ष्यांचं भारी वेड. अठराव्या वर्षी पक्षी शोधत तो डोंगरांतून २१ दिवसांत ४०० मैल, म्हणजे साधारण साडेसहाशे किलोमीटर पायी फिरला. मध्येच डॉक्टर व्हायला न्यूयॉर्कला गेला, पण मन रमेना. शिक्षण अर्धवट सोडून परतला आणि पुढे ज्या डिकिन्सन कॉलेजात शिकला होता, तिथंच प्राध्यापक झाला. १८५० मध्ये वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेत नोकरी लागली, तेव्हा त्याच्या सामानात कपडे कमी आणि पक्षी-प्राण्यांचे नमुने जास्त होते. ते आणायला रेल्वेचे दोन डबे लागले!

खरी गोष्ट सुरू होते १८७१ मध्ये. मॅसॅच्युसेट्स आणि ऱ्होड आयलंडच्या किनाऱ्यावर मासे कमी झाले होते आणि त्यावरून मोठं भांडण पेटलं होतं. गळानं मासे धरणारे म्हणत, किनाऱ्याला कायमची रोवलेली मोठी जाळी सगळं ओरबाडून नेतात. जाळीवाले म्हणत, दोष आमचा नाहीच. निवाडा करण्यासाठी अमेरिकन संसदेनं मत्स्य आयोग नेमला आणि बेअर्डला आयुक्त केलं. या कामाचा वेगळा पगार नव्हता. तरीही तो वुड्स होल नावाच्या छोट्या बंदरात जाऊन बसला. मच्छीमारांशी बोलला, मासे चिरून ते काय खातात ते तपासलं, पाण्याचं तापमान मोजलं. त्याचा निष्कर्ष असा होता: अंडी घालायला किनाऱ्याशी येणारे मासे ऐन हंगामात जाळ्यात सापडतात, तेव्हा त्या काळात जाळ्यांवर बंधन हवं.

सल्ला पटण्यासारखा होता, पण राज्यांनी तो फारसा मनावर घेतला नाही. जाळ्यांवर बंदी म्हणजे कुणाच्या तरी पोटावर पाय. त्यापेक्षा दुसरा उपाय सगळ्यांनाच गोड वाटला. मासे कमी झालेत? मग आणखी तयार करू! १८७२ मध्ये संसदेनं मत्स्यपैदाशीसाठी १५ हजार डॉलर दिले आणि बेअर्ड त्या कामाला लागला.

मग सुरू झाल्या धमाल मोहिमा. त्याचा सहकारी लिव्हिंग्स्टन स्टोन १८७३ मध्ये रेल्वेच्या डब्यात टाक्या बसवून पूर्वेकडचे जिवंत मासे कॅलिफोर्नियाला निघाला. नेब्रास्कात पूल कोसळला आणि डबा नदीत गेला. स्टोन आणि त्याचे साथीदार कसेबसे वाचले, मासे गेले. पण स्टोन हटला नाही. १८७९ मध्ये त्यानं न्यू जर्सीच्या नदीत धरलेली स्ट्राइप्ड बासची शंभर-सव्वाशे पिल्लं खंड ओलांडून सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या खाडीत सोडली. तीन वर्षांनी आणखी सुमारे तीनशे आली. दहा वर्षांत हा मासा तिथल्या बाजारात विकायला आला! १९३५ पासून तर कॅलिफोर्नियात तो फक्त हौशी गळवाल्यांसाठी राखून ठेवला आहे. पण हाच पाहुणा तिथल्या सामन माशाची पिल्लंही खातो, त्यावरून अजून वाद आहेत.

१८७८ च्या हिवाळ्यात ग्लॉस्टर बंदरात बेअर्डच्या माणसांनी कॉड माशाची अंडी उबवली. १८८५ मध्ये वुड्स होलला कायमचं केंद्र उभं राहिलं. तिथंच १९ ऑगस्ट १८८७ रोजी बेअर्ड गेला.

त्याच्या मागे हॅचऱ्या चालूच राहिल्या. वर्षाला अब्जावधी पिल्लं समुद्रात जाऊ लागली. अहवालात आकडे फुगत गेले, पण समुद्रात मासे वाढले का? ते नीट तपासलंच गेलं नाही. कॉडची एक मोठी मादी लाखो अंडी घालते आणि त्यातली जवळपास सगळी पिल्लं मोठी होण्याआधीच खाल्ली जातात. हॅचरीतून सोडलेलं इवलंसं पिल्लू त्याच तोंडांत जात होतं. फायद्याचा पुरावा न मिळाल्यानं १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला ही केंद्रं बंद झाली.

गंमत म्हणजे बेअर्डचा पहिला सल्ला शंभर वर्षांनी खरा ठरला. टेक्सासमध्ये गळवाल्यांचा लाडका रेड ड्रम, आपल्या घोळीच्या कुळातला मासा, संपत चालला होता. तिथं आधी १९८१ मध्ये त्याच्या व्यापारी मासेमारीवर बंदी आली आणि मग १९८३ पासून हॅचरीची पिल्लं खाडीत सोडायला सुरुवात झाली. आता पिल्लं बोटभर वाढवून सोडतात आणि पुढे गळाला लागलेला मासा हॅचरीचा की निसर्गाचा, हे जनुकांवरून शोधता येतं.

बेअर्डनं जग फिरवलं नाही, पण प्रश्न विचारायची पद्धत घालून दिली. वुड्स होल आज सागरी विज्ञानाची पंढरी आहे, ती त्यानं तिथं मुक्काम टाकल्यामुळे. चूक इतकीच झाली, की त्याच्या दोन उपायांपैकी कुणालाही न दुखवणारा तेवढा उचलला गेला. पुढच्या वेळी पिल्लं सोडल्याचा किंवा झाडं लावल्याचा मोठा आकडा वाचाल, तेव्हा एकच विचारा: त्यातली जगली किती?