खंजिरीवर शिकलेली हिंदी

डिसेंबर उजाडला, की अमरावती-अकोल्याच्या इंग्रजी शाळांतून नाताळची गाणी ऐकू येतात. बालवर्गातल्या पोरांना त्यातल्या निम्म्या शब्दांचा अर्थ ठाऊक नसतो. पण चाल डोक्यात बसलेली असते आणि चालीच्या पाठीवर बसून परकी भाषा घरात शिरते. आजीआजोबांना या पद्धतीचे नवल वाटायला नको. त्यांच्या लहानपणी याच वऱ्हाडात, गावच्या पारावर, एक माणूस हेच करीत होता. फक्त भाषा इंग्रजीऐवजी हिंदी होती आणि हातात खंजिरी होती. तो माणूस म्हणजे राष्ट्रसंत तुकडोजी महाराज.

३० एप्रिल १९०९ रोजी अमरावती जिल्ह्यातल्या यावलीत माणिक बंडोजी इंगळे जन्मला. वडील शिवणकाम करीत. घरात गरिबी इतकी, की मुलाची शाळा तिसरी-चौथीच्या पलीकडे गेली नाही. इंग्रजी तर दूरच, हिंदीचाही धडा कोणी गिरवून घेतला नव्हता. वरखेडच्या आडकोजी महाराजांच्या सहवासात मात्र भजनाचा नाद लागला. तुकड्या हे नावही त्या गुरूंचेच देणे, आणि पुढे भजनाच्या शेवटच्या कडव्यात तीच त्याची नाममुद्रा झाली. मग रामटेक, सालबर्डी, रामदिघी, गोंदोडा अशा रानावनांत भटकंती झाली. तिथे त्याने काय तप केले याच्या कथा पुष्कळ आहेत. त्या भाविकांवर सोपवू. आपल्याला महत्त्वाचे एवढेच, की रानातून तो बाहेर आला तेव्हा त्याच्याजवळ दोन भाषांत पद रचण्याची हातोटी होती.

दोन भाषा का, हे समजायला त्या काळचा वऱ्हाड आठवावा लागेल. कागदोपत्री मुलूख निजामाचा, कारभार इंग्रजांचा, आणि १९०३ पासून जोडलेला मध्य प्रांताला. राजधानी नागपूर, पण प्रांताचा मोठा भाग हिंदी बोलणारा. रायपूर, जबलपूरचा माणूस आणि दर्यापूरचा शेतकरी एकाच सरकारच्या छत्राखाली होते, पण त्यांनी एकमेकांशी बोलायचे कसे? इंग्रजी चार वकिलांपुरती. स्वराज्याची चळवळ खेड्यात न्यायची तर मधली एक भाषा हवी होती, आणि खेड्यात अक्षरओळखच नव्हती. पुस्तक देऊन उपयोग काय?

इथे वऱ्हाडी बोलीने हात दिला. आपला वऱ्हाडी माणूस ‘मला’ न म्हणता ‘मले’ म्हणतो, ‘करतो आहे’ऐवजी ‘करून राह्यला’ म्हणतो, आणि ‘काळा’ शब्दातला ‘ळ’ त्याच्या तोंडी ‘य’ होऊन बसतो. पुण्याच्या शाळामास्तराने या बोलीला नाक मुरडले असेल, पण ‘कर रहा है’पर्यंत जायला ‘करून राह्यला’ ही अर्धी वाट चालून झालेली असते! तुकडोजींची हिंदीही व्याकरणाच्या सोवळ्यातली नव्हती. ती ऐकून वऱ्हाडी माणसाला परके वाटत नसे.

दुसरी युक्ती चालीची. त्यांच्या हिंदी भजनांच्या माथ्यावर ‘तर्ज’ म्हणून आधीच्या एखाद्या गाण्याचा निर्देश छापलेला आढळतो. म्हणजे चाल ओळखीची, शब्द तेवढे नवे. महाराज एक ओळ म्हणणार, मागचे साथीदार ती उचलणार, ध्रुवपद फिरून फिरून येणार. चारपाचदा म्हटल्यावर ते श्रोत्याच्या जिभेवर बसते. अर्थ मागाहून, घरी जाताना, कुणाला तरी विचारून कळतो. भाषा शिकवण्याची ही रीत आता प्रशिक्षणवर्गात शिकवतात. ‘लहर की बरखा’सारखे त्यांचे हिंदी भजनसंग्रह अशा रीतीने ज्यांना वाचता येत नव्हते त्यांच्याही पाठ झाले, असे म्हणायला हरकत नाही.

१९३५ मध्ये मोझरीला गुरुकुंज आश्रम उभा राहिला. १९३६ मध्ये गांधीजींच्या बोलावण्यावरून ते सेवाग्रामला गेले आणि सुमारे महिनाभर राहिले. पुढे भजनांत देवाबरोबर देशही येऊ लागला. सरकारला खंजिरी धोक्याची वाटली, ती उगाच नव्हे. ऑगस्ट १९४२ मध्ये चिमूर आणि आष्टी पेटली, तेव्हा त्या भागात त्यांची भजने घरोघर म्हटली जात होती. त्याच महिन्यात त्यांना चंद्रपूरला अटक झाली. नागपूर आणि मग रायपूरचा तुरुंग, असे तीनएक महिने गेले. निरक्षर माणसाच्या पाठ असलेले गाणे जप्त कसे करायचे, हा पेच त्या सरकारला कधीच सुटला नाही.

मात्र एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. पुढे गावाचा संसार मांडायची वेळ आली, सफाई, शेती, शिक्षण, सामुदायिक प्रार्थना, व्यसनमुक्ती हे सारे समजावून सांगायचे ठरले, तेव्हा त्यांनी ओवी धरली, तीही मराठी. ‘ग्रामगीते’चे ४१ अध्याय मराठीत आहेत. जोडण्यासाठी हिंदी आणि घर सावरण्यासाठी मराठी, अशी त्यांची वाटणी असावी, असे मला वाटते. त्यांच्याआधीच्या पिढीतले गाडगेबाबा आपल्या कीर्तनात वऱ्हाडी बोलीतच लोकांना प्रश्न विचारीत आणि उत्तरे त्यांच्याच तोंडून काढून घेत. एक निरक्षर, एक तिसरी-चौथी शिकलेला. आज अमरावतीचे विद्यापीठ पहिल्याच्या नावाने आहे आणि नागपूरचे, २००५ पासून, दुसऱ्याच्या.

१९५५ मध्ये जपानच्या विश्वधर्म परिषदेला ते खंजिरी घेऊनच गेले. १९६२ आणि १९६५च्या युद्धांत सीमेवर जाऊन त्यांनी जवानांपुढे भजने म्हटली. तिथे तर सगळ्या भारताच्या भाषा एका छावणीत नांदत होत्या.

११ ऑक्टोबर १९६८ रोजी मोझरीला त्यांचे देहावसान झाले. दरवर्षी आश्विन वद्य पंचमीला गुरुकुंजात लाखोंचा समुदाय जमतो, आणि सायंकाळी ४ वाजून ५८ मिनिटांनी सारे स्तब्ध उभे राहतात. खंजिरी त्या वेळी वाजत नाही.