युरी गागारिन : अंतराळवीर, वैमानिक आणि पिता

१. उद्दिष्टे

या घटकाचा अभ्यास केल्यानंतर तुम्हाला –
• युरी गागारिन यांच्या जीवनातील प्रमुख टप्पे सांगता येतील.
• त्यांची जागतिक कीर्ती आणि त्यांचे कौटुंबिक जीवन यांचा संबंध स्पष्ट करता येईल.
• अकाली मृत्यू पावलेल्या व्यक्तीची स्मृती समाज व कुटुंब कशा प्रकारे जपतात, याविषयी आपले मत मांडता येईल.

२. प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, युरी गागारिन हे नाव घेताच १२ एप्रिल १९६१ हा दिवस आठवतो. त्या दिवशी मानवाने प्रथमच अंतराळातून पृथ्वीची प्रदक्षिणा केली. शालेय पाठ्यपुस्तकातून आपल्याला गागारिन भेटतात ते बहुधा या एका दिवसापुरतेच. त्या दिवशी ते सत्तावीस वर्षांचे होते. घरी दोन मुली होत्या. थोरली सुमारे दोन वर्षांची आणि धाकटी अवघी पाच आठवड्यांची. पुढे सात वर्षांनी एका विमान अपघातात त्यांचा मृत्यू झाला. ज्याचे छायाचित्र जगभर पोचले, तो माणूस स्वतःच्या घरात पिता म्हणून कसा उरला, हा प्रश्न मनाशी ठेवून आपण त्यांचे चरित्र पाहणार आहोत.

३. विषय विवेचन

३.१ बालपण आणि युद्ध

युरी अलेक्सेयेविच गागारिन यांचा जन्म ९ मार्च १९३४ रोजी रशियातील स्मोलेन्स्क प्रांतात, ग्झात्स्क गावाजवळच्या क्लुशिनो या खेड्यात झाला. वडील अलेक्सेई सुतारकाम करीत. आई आन्ना सामुदायिक शेतीवरील गोठ्यात काम करी. चार भावंडांत युरी तिसरा.

१९४१ साली जर्मन सैन्याने हा प्रदेश व्यापला. सैनिकांनी घर बळकावल्याने गागारिन कुटुंबाला परसात जमीन खणून केलेल्या खोपटात राहावे लागले. माघार घेताना जर्मनांनी थोरला भाऊ व्हालेंटिन आणि बहीण झोया यांना वेठबिगारीसाठी पळवून नेले. युद्ध संपल्यावरच ती दोघे घरी परतली. आपले माणूस जिवंत आहे की नाही हे ठाऊक नसताना घर कसे दिवस काढते, हे युरीने वयाच्या नवव्या वर्षीच पाहिले होते. पुढच्या घटना वाचताना ही गोष्ट लक्षात ठेवा.

३.२ ओतशाळेपासून विमानतळापर्यंत

घरची परिस्थिती बेताची असल्याने युरीने लवकर कमावते होणे आवश्यक होते. १९४९ साली तो मॉस्कोजवळच्या ल्युबेर्त्सी येथे ओतकाम शिकण्यासाठी गेला. दिवसा भट्टीपाशी काम आणि सायंकाळी शाळा, असा त्याचा क्रम होता. नोकरी आणि घर सांभाळून शिकणाऱ्या तुमच्यापैकी अनेकांना हा अनुभव परका वाटणार नाही. १९५१ साली व्होल्गाकाठच्या सारातोव्ह शहरातील तंत्रशाळेत त्याला प्रवेश मिळाला. शेवटच्या वर्षी तो तेथील विमानविद्या मंडळात दाखल झाला आणि १९५५ मध्ये त्याने प्रथम एकट्याने विमान चालविले.

त्यानंतर गागारिन ओरेनबुर्ग येथील लष्करी वैमानिक विद्यालयात गेले. त्यांची उंची जेमतेम १५७ सेंटीमीटर होती. विमान उतरविताना पुढचे नीट दिसावे म्हणून ते बैठकीवर उशी ठेवीत, असे सांगतात. ओरेनबुर्गलाच एका नृत्यसंध्येत त्यांची व्हालेंटिना गोर्याचेवा या वैद्यकशाखेच्या विद्यार्थिनीशी ओळख झाली. १९५७ साली दोघांचा विवाह झाला. गागारिन यांची नेमणूक नॉर्वेच्या सरहद्दीजवळ, मुर्मान्स्क प्रांतातील लुओस्तारी या तळावर झाली. तेथे लांबच लांब हिवाळी रात्री आणि बर्फाळ वारे यांच्याशी सामना करीत ते मिग-१५ विमाने चालवीत. एप्रिल १९५९ मध्ये त्यांची पहिली मुलगी येलेना जन्मली.

३.३ दहा एप्रिलचे पत्र

१९६० साली सोव्हिएत हवाई दलातून अंतराळवीरांच्या पहिल्या तुकडीसाठी वीस वैमानिक निवडण्यात आले. त्यांत गागारिन होते. या कामातील धोका उघड होता. डिसेंबर १९६० मध्ये दोन कुत्र्यांना घेऊन गेलेले यान परतताना नष्ट झाले. मार्च १९६१ मध्ये तुकडीतील व्हालेंटिन बोंदारेन्को हा तरुण वैमानिक प्रशिक्षणकक्षातील आगीत मरण पावला. या मृत्यूची वार्ता कित्येक वर्षे जाहीर झाली नाही. सहकाऱ्यांना मात्र तो धक्का सोसावा लागला. त्याच महिन्याच्या ७ तारखेला गागारिन यांची दुसरी मुलगी गालिना जन्मली होती.

उड्डाणासाठी आपली निवड झाल्याचे कळल्यानंतर १० एप्रिल १९६१ रोजी गागारिन यांनी बैकोनूरहून पत्नी आणि मुलींना उद्देशून एक पत्र लिहिले. आपण परतलो नाही, तरच हे पत्र घरी द्यावे, अशी योजना होती.

या पत्राचा आशय नीट पाहा. यंत्रावर आपला पूर्ण विश्वास असल्याचे ते प्रथम सांगतात. तरीही सपाट जमिनीवरून चालणारा माणूससुद्धा पडून दगावू शकतो, हे ते मान्य करतात. तसे घडलेच, तर पत्नीने दुःखाने खचून जाऊ नये, अशी त्यांची विनंती आहे. मुलींना लाडावून नाजूक न ठेवता, आयुष्यातील टक्केटोणपे सोसू शकतील अशी माणसे म्हणून वाढवावे, असे ते लिहितात. आपल्या आईवडिलांचा विसर पडू देऊ नये, असे सांगतात. पुढच्या सांसारिक आयुष्याचा निर्णय पत्नीने आपल्या विवेकाने घ्यावा आणि त्याबाबत आपले तिच्यावर कोणतेही बंधन नाही, हेही स्पष्ट करतात. कोणत्याही घरात जो विषय टाळला जातो, तो सत्तावीस वर्षांच्या पित्याने येथे सरळ हाताळला आहे.

३.४ एकशे आठ मिनिटे

१२ एप्रिल रोजी मॉस्को वेळेनुसार सकाळी ९ वाजून ७ मिनिटांनी व्होस्टोक-१ यान झेपावले. यानाने कमाल ३२७ किलोमीटर उंची गाठली. परतताना यानाचा यंत्रभाग मुख्य गोलकापासून वेळेवर सुटला नाही आणि काही मिनिटे ते गरगरत राहिले. अखेर वातावरणाच्या उष्णतेने जोडतारा जळाल्या व गोलक मोकळा झाला. सुमारे सात किलोमीटर उंचीवर गागारिन यानातून बाहेर फेकले गेले आणि हवाई छत्रीने स्वतंत्रपणे उतरले. हा तपशील सोव्हिएत सरकारने काही वर्षे दडवून ठेवला. ते उतरले ते सारातोव्ह प्रांतातच, ज्या आकाशात सहा वर्षांपूर्वी ते उडायला शिकले होते. नारिंगी पोशाखातील या माणसाला पाहून शेतातील आजी आणि तिची नात प्रथम घाबरल्या.

संपूर्ण प्रवास १०८ मिनिटांचा होता. गागारिन सुखरूप परतल्याने ते पत्र घरी देण्याचे कारण उरले नाही.

३.५ कीर्तीची सात वर्षे

यानंतर गागारिन जगाचे झाले. त्यांनी सुमारे तीस देशांचा प्रवास केला. १९६१ च्या अखेरीस ते पत्नीसह भारतात आले आणि मुंबईलाही त्यांनी भेट दिली. त्या वेळी धाकटी मुलगी वर्षाचीही झाली नव्हती. सभा, सत्कार आणि मेजवान्या यांचा ताण त्यांच्या आयुष्यावर दिसू लागला. त्याच वर्षी क्रिमियात सुट्टीवर असताना बाल्कनीतून उडी मारल्याने त्यांच्या डाव्या भुवईवर कायमचा व्रण राहिला. चरित्रनायकाचा असा दोषही चरित्राचा भाग असतो, हे तुमच्या ध्यानात येईल.

घरी असत तेव्हा ते मुलींना कविता वाचून दाखवीत. अंतराळवीरांच्या प्रशिक्षणाचे काम पाहत असतानाच ते झुकोव्स्की अभियांत्रिकी अकादमीत शिकत होते. फेब्रुवारी १९६८ मध्ये त्यांनी तेथील पदवी मिळविली.

एप्रिल १९६७ मध्ये त्यांचे मित्र व्लादिमीर कोमारोव्ह सोयूझ-१ यान कोसळून मृत्युमुखी पडले. त्या उड्डाणासाठी राखीव अंतराळवीर होते गागारिन. राष्ट्राचे प्रतीक ठरलेल्या माणसाला गमावणे परवडणार नाही, म्हणून त्यांना पुन्हा अंतराळात पाठविण्यास मनाई झाली. त्यांना मात्र प्रतीक होऊन बसून राहणे मानवत नव्हते. निदान लढाऊ विमान तरी पुन्हा स्वतंत्रपणे चालविता यावे, म्हणून ते सराव करू लागले.

३.६ अपघात

२७ मार्च १९६८ रोजी सकाळी १० वाजून १८ मिनिटांनी गागारिन आणि अनुभवी प्रशिक्षक व्लादिमीर सेर्योगिन यांनी दोन आसनी मिग-१५ मधून चकालोव्स्की तळावरून उड्डाण केले. हवामान ढगाळ होते. काही मिनिटांनी गागारिन यांनी ठरलेला सराव संपल्याचे कळवून परतण्याची अनुमती घेतली. त्यानंतर संपर्क तुटला. किर्झाच शहराजवळच्या नोव्होस्योलोव्हो गावानजीक विमान जंगलात कोसळले होते. दोघेही मरण पावले. अपघाताच्या कारणाविषयी आजही एकमत नाही. दुसरे विमान फार जवळून गेल्याने तोल गेला, असे अंतराळवीर अलेक्सेई लिओनोव्ह यांचे म्हणणे होते. हवामान-फुगा टाळण्यासाठी घेतलेल्या एकाएकी वळणाची शक्यता चौकशीत नोंदली गेली.

गागारिन चौतीस वर्षांचे होते. गालिनाला सात वर्षे नुकती पूर्ण झाली होती आणि येलेनाचा नववा वाढदिवस जवळ आला होता. त्यांच्या अस्थी क्रेमलिनच्या भिंतीत ठेवण्यात आल्या. ग्झात्स्क शहराला गागारिन हे नाव देण्यात आले.

३.७ पोचलेले पत्र

या मृत्यूनंतर १० एप्रिल १९६१ चे ते पत्र व्हालेंटिना यांच्या हाती आले. ज्या प्रसंगासाठी ते लिहिले होते, तो सात वर्षे उशिरा आणि वेगळ्या वाटेने आला होता. मजकूर मात्र तसाच लागू पडत होता.

पत्राने दिलेली मोकळीक व्हालेंटिना यांनी आपल्या परीने वापरली. त्यांनी पुनर्विवाह केला नाही. प्रसिद्धीपासून दूर राहून त्यांनी मुली वाढविल्या. २०२० साली त्यांचे निधन झाले. येलेना यांनी कलेतिहासाचा अभ्यास केला आणि २००१ पासून दीर्घकाळ क्रेमलिनमधील संग्रहालयांचे प्रमुखपद सांभाळले. म्हणजे वडिलांच्या अस्थी ज्या भिंतीत आहेत, तिच्या आतच त्यांचे कार्यालय होते. गालिना अर्थशास्त्राच्या प्राध्यापक झाल्या. दोघींनीही वडिलांच्या नावावर जगण्याऐवजी स्वतःचे क्षेत्र निवडले. पत्रातील अपेक्षाही तीच होती.

४. समारोप

विद्यार्थी मित्रहो, गागारिन यांच्या पुतळ्यांनी आणि १२ एप्रिलच्या समारंभांनी जगाची स्मृती जपली आहे. २०११ साली संयुक्त राष्ट्रांनी हा दिवस मानवी अंतराळ उड्डाणाचा आंतरराष्ट्रीय दिन म्हणून घोषित केला. कुटुंबाकडे मात्र काही कविता, थोड्या वर्षांच्या आठवणी आणि एक पत्र एवढेच उरले. त्या पत्रात पराक्रमाचा उल्लेख थोडा आणि मागे राहणाऱ्यांची काळजी अधिक आहे. आईवडील, पत्नी आणि दोन मुली यांतल्या प्रत्येकाचा विचार त्यात केलेला आढळतो. पुढे एखादे चरित्र वाचाल किंवा स्वतः लिहाल, तेव्हा चरित्रनायकाच्या घरातील माणसांचे काय झाले, हेही आवर्जून शोधा.

५. स्वयं-अध्ययन प्रश्न

१. गागारिन यांच्या बालपणातील युद्धानुभव थोडक्यात लिहा.
२. १० एप्रिल १९६१ च्या पत्रातून गागारिन यांचे कोणते स्वभावविशेष प्रकट होतात?
३. अंतराळात जाण्यास मनाई झाल्यानंतरही गागारिन यांनी विमानोड्डाणाचा सराव का सुरू केला असावा? चर्चा करा.
४. तुमच्या कुटुंबातील किंवा परिसरातील अकाली दिवंगत झालेल्या एखाद्या व्यक्तीचे चरित्र सुमारे ३०० शब्दांत लिहा.