काव्य, चाल आणि कंठ : मास्टर कृष्णराव फुलंब्रीकर

जुन्या कवितेला चाल लावणारा संगीतकार हा त्या कवितेचा एक प्रकारे भाष्यकारच असतो. तो कोठे विसावा घेतो, कोणत्या अक्षरावर सम ठेवतो आणि कोणता शब्द पुनःपुन्हा आळवतो, यांतून कवितेचा एक विशिष्ट अर्थ श्रोत्यांपर्यंत पोहोचत असतो. मराठी समीक्षेने संहितेचा विचार जितक्या साक्षेपाने केला, तितका या भाष्याचा केलेला नाही. या दृष्टीने मास्टर कृष्णराव फुलंब्रीकर यांचे जीवन अभ्यासनीय ठरते.

कृष्णरावांचा जन्म २० जानेवारी १८९८ रोजी आळंदी येथे झाला. बालवयातच ते नाट्यकला प्रवर्तक मंडळीत दाखल झाले. तेथे सवाई गंधर्वांचा सहवास आणि मार्गदर्शन त्यांना लाभले. पुढे त्यांनी भास्करबुवा बखले यांचे शिष्यत्व पत्करले. ग्वाल्हेर, आग्रा आणि जयपूर या तीन घराण्यांची विद्या बुवांच्या गायकीत एकवटली होती. शिवाय नाट्यपदांच्या चाली बांधताना शब्दाचा मान कसा राखावा, याचे प्रात्यक्षिकही शिष्याला गुरूजवळच मिळाले. १९२२ मध्ये बुवांचे निधन झाले आणि गंधर्व नाटक मंडळीच्या संगीताची धुरा कृष्णरावांवर आली.

या काळातील त्यांच्या कार्याचा एक लक्षणीय टप्पा म्हणजे १९३१ सालचे ‘कान्होपात्रा’ हे नाटक. वारकरी परंपरेत अभंग हा दिंडीत, टाळमृदंगाच्या गजरात, समूहाने गाण्याचा प्रकार. बालगंधर्वांच्या कंठासाठी अभंग बांधताना कृष्णरावांनी तो एका व्यक्तीच्या व्याकुळतेचा उद्गार केला. सामूहिक भजनातील लय सैल करून त्यांनी शब्दाला अवकाश दिला, परंतु अभंगाचा चरण मात्र मोडू दिला नाही. पुढे प्रभात फिल्म कंपनीच्या ‘धर्मात्मा’ (१९३५) या एकनाथचरित्रावरील बोलपटात आणि त्यानंतरच्या ‘गोपाळकृष्ण’, ‘माणूस’, ‘शेजारी’ या चित्रपटांतही शब्दानुसारी चालीचे हे तत्त्व त्यांनी जपले.

तथापि त्यांच्या जीवनातील खरी कसोटी ‘वंदे मातरम्’ या गीताने लावली. बंकिमचंद्रांचे हे गीत ‘आनंदमठ’ या कादंबरीद्वारा १८८२ मध्ये ग्रंथरूपाने लोकांपुढे आले. कादंबरीत त्यासाठी मल्हार रागाचा निर्देश होता. पण पुढे एकच एक चाल सर्वमान्य झाली नाही. १८९६ च्या कलकत्ता काँग्रेसमध्ये रवींद्रनाथांनी हे गीत गायिले. विष्णु दिगंबर पलुसकर काँग्रेसच्या अधिवेशनांत ते निष्ठेने गात. १९२३ च्या काकीनाडा अधिवेशनात अध्यक्षांनीच हरकत घेतली असताही त्यांनी गायन थांबविले नाही. अशा प्रकारे एकाच संहितेसाठी अनेक चालींची, कोणी न जाहीर केलेली, स्पर्धा अर्धशतकभर चालू होती.

कृष्णरावांनी या गीतासाठी झिंझोटी राग निवडला. ही निवड अर्थपूर्ण आहे. झिंझोटीचा विस्तार मुख्यतः मंद्र आणि मध्य सप्तकांत होतो. त्यामुळे सामान्य कंठालाही तिचा आवाका झेपतो. गीताच्या प्रारंभीच्या कडव्यांतील संस्कृत समास दीर्घ आहेत. त्यांवर तानांचा भार घातल्यास अर्थ हरवण्याचा धोका होता. म्हणून साधी, सरळ स्वरवाक्ये त्यांनी पसंत केली. ब्रिटिश अमदानीत मुंबई नभोवाणीवर हे गीत गात असताना त्यांचे प्रक्षेपण मध्येच बंद करण्यात आले. कृष्णरावांनी नभोवाणीवर बहिष्कार घातला आणि स्वातंत्र्य दृष्टिपथात येईपर्यंत तो पाळला. नभोवाणी खाते सरदार पटेलांकडे असताना, १९४७ मध्ये, त्यांनी तेथे पुनश्च ‘वंदे मातरम्’ गायिले.

स्वातंत्र्यानंतर राष्ट्रगीताचा प्रश्न उभा राहिला. १९४७ मध्ये न्यूयॉर्क येथे संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेच्या प्रसंगी ‘जन गण मन’ वाद्यवृंदावर वाजविले गेले होते व त्याचा प्रभाव पडला होता. २५ ऑगस्ट १९४८ रोजी संविधान सभेत केलेल्या निवेदनात पंडित नेहरूंनी राष्ट्रगीताच्या बाबतीत शब्दांपेक्षा सुरावटीला अधिक महत्त्व दिले आणि ‘वंदे मातरम्’ परदेशी वाद्यवृंदांना सुलभ नसल्याचे मत मांडले. हा आक्षेप संगीतविषयक होता, म्हणून त्याचे उत्तरही संगीतानेच देण्याचा प्रयत्न कृष्णरावांनी केला. बँडसाठी स्वरलेखन करवून घेणे, समूहाकडून गाऊन दाखविणे, दिल्लीस जाऊन संविधान सभेच्या सदस्यांपुढे प्रात्यक्षिके करणे, असा त्यांचा उद्योग दीर्घकाळ चालला. एकल गायकीत मुरलेल्या कलावंताने स्वतःची चाल स्वतःच्या कंठापासून मुक्त करण्यासाठी केलेला हा खटाटोप होता.

निर्णय मात्र केवळ संगीतावर अवलंबून नव्हता. गीतातील देवीरूपकासंबंधीच्या मुस्लिम समाजाच्या आक्षेपामुळे १९३७ मध्येच काँग्रेस कार्यकारिणीने पहिली दोनच कडवी गाण्याचे ठरविले होते. २४ जानेवारी १९५० रोजी डॉ. राजेंद्रप्रसाद यांनी ‘जन गण मन’ हे राष्ट्रगीत म्हणून घोषित केले आणि ‘वंदे मातरम्’ला समान सन्मान राहील असे सांगितले. गीताला मान मिळाला. पण पुढे सर्वत्र रुळली ती देस रागातील चाल. कृष्णरावांची झिंझोटी मागे राहिली.

या अपयशाने त्यांची दृष्टी कुंठित झाली नाही. १९५६ मध्ये, नागपूरच्या धम्मदीक्षेच्या वर्षी, डॉ. आंबेडकरांच्या इच्छेवरून त्यांनी पाली भाषेतील बुद्धवंदना स्वरबद्ध केली. प्राचीन संहिता, अपरिचित भाषा आणि संगीताचे शिक्षण नसलेला विशाल समुदाय, या तिन्हींचे भान राखूनच ही चाल बांधावयाची होती. ‘वंदे मातरम्’च्या निमित्ताने त्यांनी घेतलेला ध्यास येथे वेगळ्या क्षेत्रात फलद्रूप झाला, असे म्हणता येईल.

‘रागसंग्रह’ या ग्रंथमालेतून त्यांनी आपली विद्या विद्यार्थ्यांसाठी खुली केली. १९७१ मध्ये त्यांना पद्मभूषण हा सन्मान लाभला. २० ऑक्टोबर १९७४ रोजी पुणे येथे त्यांचे निधन झाले. अभंग समूहाकडून एका कंठाकडे आला आणि राष्ट्रीय गीत एका कंठाकडून समूहाकडे जाऊ पाहत होते. या दोन्ही प्रवासांत कृष्णरावांनी शब्दाला दुय्यम मानले नाही. कोणती चाल मान्य झाली यावरून काव्याच्या या भाष्यकाराचे मूल्यमापन करणे म्हणूनच अपुरे ठरते. चालीने संहितेचा कोणता अर्थ जागविला, हाच त्याचा खरा निकष होय.