डॉ. द्वारकानाथ कोटणीस : चीनमधील चार वर्षे

डॉ. द्वारकानाथ शांताराम कोटणीस हे नाव महाराष्ट्रात बहुतेकांना ठाऊक झाले ते चित्रपटामुळे. पुण्याच्या प्रभात फिल्म कंपनीतून बाहेर पडून मुंबईस राजकमल कलामंदिर उभारणाऱ्या व्ही. शांताराम यांनी १९४६ साली कोटणीसांवर चित्रपट काढला आणि स्वतःच नायकाची भूमिका केली. डॉक्टरांच्या मृत्यूला तेव्हा चार वर्षेही पुरी झाली नव्हती. त्या चित्रपटाने एक सोलापूरकर देशभर पोहोचविला, हे त्याचे ऋण मान्य करावयास हवे. परंतु पडद्यावर मावतात ते प्रसंग. एका माणसाचे रोजचे दिवस त्यात मावत नाहीत, आणि कोटणीसांचे मोठेपण आम्हांस दिसते ते त्या दिवसांतच. शिक्षणासाठी घर सोडून आलेल्या मुलामुलींच्या या संस्थेच्या स्मरणिकेत त्यांचे चरित्र घेताना म्हणूनच आम्ही प्रसंगांपेक्षा दिनक्रमाकडे अधिक लक्ष दिले आहे.

कोटणीसांचा जन्म १० ऑक्टोबर १९१० रोजी सोलापुरात झाला. कुटुंब मध्यमवर्गीय, भावंडे आठ. ते विशीत असताना सोलापूरने मार्शल लॉ पाहिला आणि जानेवारी १९३१ मध्ये मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा व कुर्बान हुसेन हे चार सोलापूरकर येथे पुण्यात, येरवड्याच्या तुरुंगात फासावर गेले. त्या काळातील सोलापूरच्या तरुणाला राजकारणापासून अलिप्त राहणे अवघडच होते. तरीही कोटणीस चळवळीत न जाता डॉक्टर झाले. मुंबईच्या सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयात त्यांचे शिक्षण झाले. पुढील परीक्षांची तयारी करून चांगला व्यवसाय थाटावा, घरास हातभार लावावा, हाच मार्ग समोर होता.

जुलै १९३७ मध्ये जपानने चीनवर पूर्ण शक्तीनिशी आक्रमण केले. चीनच्या आठव्या मार्ग सेनेचे सेनापती चू तेह यांनी पंडित नेहरूंना पत्र लिहून वैद्यकीय मदत मागितली. सुभाषचंद्र बोस १९३८ साली काँग्रेसचे अध्यक्ष होते. त्यांनी जाहीर आवाहन केले, देशात चीन दिन पाळला गेला, सुमारे बावीस हजार रुपयांचा निधी जमला आणि पाच डॉक्टरांचे पथक ठरले. प्रमुख अलाहाबादचे डॉ. अटल होते, ते याआधी स्पेनच्या यादवी युद्धात सेवा करून आले होते. नागपूरचे डॉ. चोळकर वयाने ज्येष्ठ, कलकत्त्याचे डॉ. बासू व डॉ. मुखर्जी तरुण, आणि पाचवे कोटणीस, वय अठ्ठावीसला महिनाभर कमी. स्वतः पारतंत्र्यात असलेल्या देशाने दुसऱ्या आक्रांत देशाला पाठविलेली ही मदत होती. निधी लहान होता आणि पथक त्याहून लहान. एवढ्या मोठ्या युद्धात पाच डॉक्टरांनी काय होणार, असा प्रश्न तेव्हाही कोणाला पडला असेल तर तो गैर नव्हता.

१ सप्टेंबर १९३८ रोजी पथकाने मुंबईचा किनारा सोडला आणि त्याच महिन्यात ते कॅन्टनला उतरले. तेथून हांकौ, इचांग, चुंगकिंग असा प्रवास झाला. जपानी फौजा पुढे सरकत होत्या, शहरे पडत होती, आणि पथक जेथे थांबेल तेथील रुग्णालयात काम करून पुढे जात होते. पाचही डॉक्टरांच्या चिनी नावांच्या अखेरीस चीनचा वाचक असलेला हुआ हा शब्द जोडण्यात आला. कोटणीस के दिहुआ झाले. पुढे बहुतेक लोकांनी त्यांना याच नावाने ओळखले.

फेब्रुवारी १९३९ मध्ये पथक येनानला पोहोचले. येथून कोटणीसांचे खरे प्रवासी जीवन संपले आणि नित्याचे जीवन सुरू झाले. येनान पिवळ्या मातीच्या डोंगरांत वसलेले आहे. बॉम्बफेकीने गाव उद्ध्वस्त झाल्यामुळे माणसे डोंगराच्या कुशीत कोरलेल्या गुहांत राहत, आणि रुग्णालयही अशाच गुहांत होते. अंगावर कापूस भरलेला जाड करडा गणवेश, जेवणात राळ्याची पेज किंवा भात आणि थोडी भाजी. राळे आपल्याकडे काही अनोखे नाही. पण सोलापूरच्या ज्वारीच्या भाकरीवर वाढलेल्या माणसाला त्याच एका चवीवर महिनोन्महिने काढणे सोपे गेले नसावे. हिवाळ्यात पारा शून्याच्या कितीतरी खाली जाई. डॉक्टर असो की सैनिक, भाजीपाला पिकविण्यासाठी कुदळ सर्वांनीच हाती घ्यावी असा तेथील शिरस्ता होता.

सर्वांत मोठी अडचण मात्र थंडीची किंवा अन्नाची नव्हती. ती भाषेची होती. दुभाषा मिळे, पण वेदनेने विव्हळणाऱ्या माणसाचे बोलणे दुभाष्यामार्फत ऐकणाऱ्या डॉक्टरला निम्मेच कळते. कोटणीस चिनी शिकू लागले. आधी बोलणे, मग ती अवघड अक्षरे. दिवसभराचे काम आटोपल्यावर करावयाचा हा अभ्यास होता, आणि त्यात त्यांनी खंड पडू दिला नाही. आमच्या वसतिगृहात खेड्यातून आलेले मूल पहिल्यांदा शहरी मराठी ऐकून गप्प होते, मग महिन्या-दोन महिन्यांत बोलू लागते. ते ज्यांनी पाहिले आहे, त्यांना एका तिशीतल्या डॉक्टरचे हे विद्यार्थीपण समजेल. डॉ. चोळकर होते तोवर मराठीत चार शब्द बोलण्याची सोय तरी होती. ते परतल्यावर तीही राहिली नाही.

पथक मुळात साधारण वर्षभरासाठी गेले होते. वय, आजारपण अशा कारणांनी एकेक जण मायदेशी परतला, आणि त्यात कोणास दोष देण्याचे कारण नाही. कोटणीसांना तर परतण्याचे कारण इतरांहून मोठे होते. ते चीनमध्ये असतानाच वडिलांच्या निधनाची वार्ता त्यांना कळली. घरात कर्ता मुलगा डॉक्टर, आणि तो हजारो मैलांवर. त्यांनी राहण्याचा निर्णय घेतला.

या निर्णयाची स्तुती करणे सोपे आहे. आम्हांला येथे थोडे थांबावेसे वाटते. त्या निर्णयाची किंमत कोटणीसांनी एकट्याने दिली नाही. ती सोलापूरच्या घरानेही दिली, आईने व भावंडांनी दिली, आणि त्यांना कोणी विचारून ती घेतली नव्हती. परदेशी सेवेस गेलेल्यांच्या चरित्रांत ही बाजू सहसा दोन ओळींत आटोपते. कोटणीसांचे चुकले, असे आम्ही म्हणत नाही. परंतु ते बरोबर होते असे म्हणताना त्या घराकडे पाठ फिरविणेही आम्हांस मान्य नाही.

१९३९ च्या अखेरीस कोटणीस व बासू आघाडीकडे निघाले. शत्रूच्या ताब्यातील मार्ग रात्रीच्या अंधारात ओलांडीत, गनिमी तुकड्यांच्या सोबतीने, पायी व खेचरांवरून हा प्रवास झाला. ते पोहोचले तो शान्सी-होपेचा डोंगराळ सीमाप्रदेश. मंजुश्री बोधिसत्त्वाचे स्थान म्हणून बौद्ध जगतात पूज्य असलेला वुताई पर्वत याच प्रदेशात आहे. सातव्या शतकात युआन श्वांग चीनमधून निघून पुलकेशीच्या महाराष्ट्रात आला होता. तेराशे वर्षांनी एक महाराष्ट्रीय उलट दिशेने त्याच्या देशात पोहोचला होता. अर्थात एकाला ग्रंथ हवे होते, दुसऱ्याच्या हाती शस्त्रक्रियेची हत्यारे होती.

या प्रदेशात कॅनडाचे शल्यविशारद डॉ. नॉर्मन बेथ्यून काम करीत होते. एका शस्त्रक्रियेत बोटाला झालेली जखम चिघळून नोव्हेंबर १९३९ मध्ये त्यांचा अंत झाला. जखमी सैनिक रुग्णालयाकडे येण्याची वाट न पाहता डॉक्टरनेच आघाडीजवळ जावे, ही त्यांची पद्धत कोटणीसांनी पुढे चालविली. तिच्यामागे साधे वैद्यकीय गणित होते. पेनिसिलीन तेव्हा मिळत नव्हते आणि वेढ्यामुळे इतर औषधेही तुटपुंजी होती. अशा वेळी जखमेतील मेलेले मांस पहिल्या काही तासांत कापून काढले तर हातपाय वाचे. दिवस उलटला की विष भिने आणि मग अवयव किंवा जीव गमवावा लागे. म्हणून हत्यारे, औषधे, कापूस खेचरांवर लादून रुग्णालयच गावोगाव हिंडे. एखाद्या शेतकऱ्याच्या घरात शस्त्रक्रियेचे टेबल मांडले जाई, पट्ट्या धुऊन, उकळून पुन्हा वापरल्या जात, आणि शत्रू जवळ आल्याची खबर येताच जखमींसह सारा संसार उचलून दुसऱ्या दरीत न्यावा लागे.

१९४० मध्ये आठव्या मार्ग सेनेने जपान्यांवर शंभर रेजिमेंटांची म्हणून प्रसिद्ध असलेली मोहीम काढली. तिच्या एका टप्प्यात तेरा दिवसांत आठशेहून अधिक जखमी कोटणीसांच्या तुकडीकडे आले आणि त्यांनी ५५८ शस्त्रक्रिया केल्या, अशी नोंद आहे. म्हणजे दिवसाला चाळीसच्या वर. त्यात सलग तीन दिवस व तीन रात्री झोप मिळाली नाही, असे सांगतात. सुसज्ज रुग्णालयातील डॉक्टर वाचकांनी या आकड्याकडे जरा थांबून पाहावे.

जानेवारी १९४१ मध्ये होपे प्रांतातील तांग परगण्यात, गेगोंग गावी असलेल्या बेथ्यून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे प्रमुखपद त्यांच्याकडे आले. बासू येनानला परत गेले होते. या भागात आता ते एकटेच भारतीय. रुग्णालयाला जोडून शाळा होती आणि तिच्यात शिकावयास येणारी मुलेमुली बहुधा शेतकऱ्यांची, शालेय शिक्षण जेमतेम झालेली. त्यांना शरीररचना, जखमांची शुश्रूषा, शस्त्रक्रिया शिकवावयाची होती, आणि तीही चिनी भाषेत. कोटणीस व्याख्याने चिनीतून देऊ लागले. पुस्तके नव्हती, म्हणून त्यांनी विद्यार्थ्यांसाठी शस्त्रक्रियेची प्राथमिक ओळख करून देणारे पुस्तक लिहिले आणि अधिक विस्तृत असे दुसरे हाती घेतले. सकाळी रुग्ण, दुपारी वर्ग, रात्री तेलाच्या दिव्यापाशी लेखन असा त्यांचा दिवस जाई. आमच्या मते त्या ५५८ शस्त्रक्रियांहून ही पुस्तके थोर आहेत. पण शौर्यकथा सांगताना ती मागे पडतात.

बेथ्यून यांच्या समाधीच्या उद्घाटनप्रसंगी १९४० साली त्यांची भेट गुओ छिंगलान या परिचारिका-शिक्षिकेशी झाली होती. २५ नोव्हेंबर १९४१ रोजी दोघांचा विवाह झाला. २३ ऑगस्ट १९४२ रोजी मुलगा झाला. त्याचे नाव सेनापती न्ये रोंगचेन यांनी यिनहुआ असे ठेवले. यिन म्हणजे भारत, हुआ म्हणजे चीन. त्याच उन्हाळ्यात कोटणीस चिनी साम्यवादी पक्षाचे सभासद झाले. हा तपशील त्यांच्या काही चरित्रांत हळूच वगळला जातो. त्या पक्षाविषयी आमचे मत काहीही असो, ज्यांच्यासोबत ते राहत, खात व मरणाला सामोरे जात, त्यांच्यात सामील होण्याचा निर्णय त्यांनी डोळे उघडे ठेवून घेतला होता, आणि तो लपविण्याचे कारण आम्हांस दिसत नाही.

फेफऱ्याचे झटके त्यांना येऊ लागले होते. उपचारासाठी सुरक्षित ठिकाणी जावे, अशी सूचना वरिष्ठांनी केली. रुग्णालय सोडून जाण्यास ते तयार झाले नाहीत. ८ डिसेंबर १९४२ च्या रात्री झटक्यांमागून झटके आले आणि ९ डिसेंबरच्या पहाटे ते गेले. वय बत्तीस. मुलगा साडेतीन महिन्यांचा होता. दुसरे पुस्तक अपुरे राहिले.

त्यांना तेथील गावकऱ्यांनी व सैनिकांनी आपल्या हुतात्म्यांशेजारी मातीत ठेवले. पुढे अस्थी शिच्याच्वांग येथील हुतात्मा स्मशानभूमीत नेण्यात आल्या. बेथ्यून यांची समाधीही तेथेच आहे. त्या शहरात कोटणीसांच्या नावाने वैद्यकीय शिक्षणसंस्था असून तिचे विद्यार्थी त्यांच्या पुतळ्यासमोर सेवेची शपथ घेतात. मधल्या काळात, १९६२ मध्ये, दोन्ही देश युद्धात समोरासमोर उभे राहिले. तरीही भारतात येणारे चिनी नेते कोटणीस कुटुंबीयांची भेट घेण्याची प्रथा अनेकदा पाळीत आले आहेत.

यिनहुआ वैद्यकाचे शिक्षण घेत असताना १९६७ साली, पंचविशीही पुरी होण्याआधी वारला. गुओ छिंगलान यांनी पतीची व मुलाची आठवण सांभाळीत दीर्घ आयुष्य काढले. त्या भारतात आल्या, सासरच्या माणसांना भेटल्या, आणि २०१२ साली त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी सोलापुरात कोटणीसांच्या राहत्या घरी उभारलेले स्मारक लोकांसाठी खुले झाले. पुण्याहून सोलापूरकडे जाणाऱ्या आमच्या माजी विद्यार्थ्यांनी सवड काढून ते घर एकदा पाहावे. आठ भावंडे तेथेच वाढली, आणि चीनहून येणारी पत्रेही त्याच दारात येत.