एडिसनशी तुलना झालेल्या मुंबईकराकडे पेटंटची थप्पी होती, पण टाटांचा पैसाही त्याचं यंत्र वाचवू शकला नाही

समजा, घोडपदेवच्या एखाद्या गाळ्यात एक फिटर बसलाय. लेथ आहे, हातात कसब आहे. ओळखीचे एक सर्जन त्याच्याकडे तक्रार घेऊन येतात. शस्त्रक्रियेत शरीरातली चरबी किंवा द्रव ओढून घ्यायला जी पोकळ नळी वापरतात, म्हणजे कॅन्युला, ती हँडलवर धड बसत नाही. आटे पिळत बसावं लागतं आणि ऐन वेळी नळी हातातल्या हातात फिरते. फिटर डोकं लढवतो. नळीच्या बुडाला खाच पाडतो, हँडलला चाप लावतो. टक् करून नळी बसते, फिरत नाही, एका हातानं सुटते.

याचं पेटंट मिळेल का?

घोडपदेवपासून काही किलोमीटरवर, अँटॉप हिलला पेटंट ऑफिस आहे. तिथला एक्झामिनर या अर्जाला मुख्यतः तीन प्रश्न विचारणार. हे जगात याआधी कुठे होतं का? या धंद्यातल्या जाणकार माणसाला हे सहज सुचलं असतं का? आणि हे कारखान्यात बनवता येईल का?

पहिला आणि तिसरा प्रश्न बऱ्याचदा सुटतो. घोडं अडतं ते दुसऱ्यावर. खाच आणि चाप कॅमेऱ्याच्या लेन्सलाही असतो, मग यात नवीन काय डोकं चालवलं, असं एक्झामिनर लेखी विचारतो. मग फिटरला पटवून द्यावं लागतं की हातमोजे घातलेल्या, ओल्या हातानं एका झटक्यात नळी बदलणं आणि ती निर्जंतुक करता येणं ही गोष्ट लेन्सवाल्याच्या डोक्यातच नव्हती. शिवाय आपल्या कायद्याच्या कलम ३(आय) प्रमाणे शस्त्रक्रिया करण्याच्या पद्धतीला पेटंट मिळत नाही, अवजाराला मिळू शकतं. म्हणजे अर्ज चापावर लिहायचा, सर्जनच्या हातचलाखीवर नाही.

हे सगळं आत्ता आठवायचं कारण म्हणजे मुंबईचाच एक माणूस. त्यानं सव्वाशे वर्षांपूर्वी या रस्त्यावर पाऊल टाकलं आणि आख्खं आयुष्य त्यात घातलं. शंकर आबाजी भिसे.

भिसेंचा जन्म २९ एप्रिल १८६७ चा, मुंबईतला. इंजिनिअरिंगची पदवी वगैरे काही नाही. पोरवयात त्यांच्या हाती अमेरिकेतलं सायंटिफिक अमेरिकन मासिक लागलं आणि यंत्रांची बाराखडी ते त्यातूनच शिकले. आपलं यंत्रशिक्षण त्या मासिकानं केलं, असं ते म्हातारपणीही सांगायचे. चौदाव्या वर्षी त्यांनी घरच्या घरी दगडी कोळशापासून गॅस तयार करणारं उपकरण बनवलं. (आज कुणाच्या पोरानं हे केलं तर सोसायटीची नोटीस येईल.)

विशीत त्यांनी मुंबईत विज्ञानाची आवड असणाऱ्यांचा क्लब काढला आणि एकामागून एक खटपटी सुरू केल्या. उघडली तर लगेच कळेल अशी बाटली, विजेवरची सायकल. आणि मुंबईकरांना विशेष वाटेल अशी एक गोष्ट, लोकलच्या प्रवाशांना स्टेशन कुठलं आलं ते दाखवणारा इंडिकेटर. पुढचं स्टेशन कुठलं हे आज डब्यात झळकतं ना, त्याचा विचार हा माणूस १९ व्या शतकात करत होता.

नशीब फिरलं ते किराणा मालामुळे. पीठ वगैरे आपोआप मोजून देणाऱ्या यंत्राचा आराखडा त्यांनी इंग्लंडमधल्या संशोधकांच्या स्पर्धेत पाठवला आणि बक्षीस मिळवलं. भिसेंनी लंडन गाठलं. खिशात काँग्रेसचे दिनशा वाच्छा यांचं पत्र होतं, दादाभाई नौरोजींच्या नावानं.

दादाभाई म्हणजे ब्रिटिश पार्लमेंटमध्ये निवडून गेलेला पहिला हिंदी माणूस. हिंदुस्थानचा पैसा इंग्लंडला कसा वाहून जातो याचा हिशोब मांडणारा. हिंदी माणूस इंग्लंडात येऊन यंत्र बनवतोय म्हटल्यावर त्यांनी भिसेंना नुसती शाबासकी दिली नाही, पैसे उभे करायला स्वतः धावपळ केली.

लंडनमध्ये भिसेंनी विजेच्या दिव्यांची जाहिरात पाटी बनवली, ती क्रिस्टल पॅलेसमध्ये झळकली. स्वयंपाकघरातली उपकरणं, आपोआप फ्लश होणारा संडास, डोकेदुखीवरचं यंत्र, काय वाट्टेल ते. त्या काळात इंग्लंडमध्ये पेटंट काढणं तसं सोपं होतं, कारण तिथलं ऑफिस कागद नीट आहेत का एवढंच बघायचं. ही कल्पना आधी कुणी मांडलीय का, हे शोधायची पद्धत १९०२ च्या कायद्यानं आणली आणि १९०५ पासून सुरू झाली. तीही मागच्या ५० वर्षांच्या ब्रिटिश कागदांपुरती. अमेरिकेत मात्र १८३६ पासूनच एक्झामिनर बसवलेले होते. आणि हिंदुस्थानात? इथे पेटंटचा कंट्रोलर नेमणारा कायदा यायला १९११ उजाडलं.

भिसेंचं खरं स्वप्न होतं छपाईचं. तेव्हा पुस्तक छापायचं तर जुळारी एकेक खिळा उचलून ओळ जुळवायचा. खिळे झिजायचे, नवे ओतावे लागायचे. लायनोटाइप आणि मोनोटाइप ही दोन अमेरिकन यंत्रं नुकतीच बाजारात घुसली होती. पहिलं अख्खी ओळ ओतायचं, दुसरं सुटी अक्षरं. भिसेंनी बनवला भिसोटाइप. एकाच वेळी वेगवेगळी अक्षरं भराभर ओतणारं यंत्र. मिनिटाला १,२०० खिळे, असं त्याबद्दल सांगितलं जायचं. लंडनच्या जुन्या फाउंड्रीवाल्यांचा विश्वासच बसेना. भिसेंनी यंत्र करून दाखवलं.

पण कागदावरचं पेटंट आणि बाजारातलं यंत्र यांच्या मध्ये कारखाना लागतो, आणि कारखान्याला पैसा. दादाभाईंनी समाजवादी नेते हेन्री हाइंडमन यांना मध्ये घातलं. भांडवलशाही उलथवायला निघालेल्या माणसाला भांडवल गोळा करायला सांगणं ही जरा गंमतच. हाइंडमनना पैसे जमले नाहीत. १९०७ मध्ये थकलेले दादाभाई कायमचे मायदेशी परतले आणि १९०८ च्या अखेरीस भिसेही हात हलवत मुंबईच्या बोटीत बसले.

त्याच प्रवासात त्यांची गाठ पडली गोपाळ कृष्ण गोखल्यांशी. गोखल्यांनी त्यांना नेलं सर रतन टाटांकडे. हे २०२४ साली गेलेले रतन टाटा नव्हेत, जमशेटजींचे धाकटे चिरंजीव. गांधींच्या दक्षिण आफ्रिकेतल्या लढ्याला पैसे पाठवणारे तेच. त्यांनी तिजोरी उघडली, टाटा-भिसे नावाचं सिंडिकेट उभं राहिलं आणि १९१० मध्ये भिसे परत लंडनला.

तरीही गाडी रुळावर आली नाही. यंत्रात एक सुधारणा झाली की दुसरी सुचायची. प्रत्येक सुधारणेला नवा अर्ज, प्रत्येक देशात वेगळा, कारण पेटंट एका देशाचं दुसऱ्या देशात चालत नाही. एवढ्यात लायनोटाइप आणि मोनोटाइपवाले छापखान्या-छापखान्यांत यंत्रं बसवून कारागीर शिकवून मोकळे झाले होते. वर महायुद्ध लागलं. टाटांनी हात आखडता घेतला.

माझ्या मते भिसेंचं चुकलं ते इथे. यंत्र पुरेसं चांगलं होतं तेव्हा ते विकायला हवं होतं. ते आणखी चांगलं करत बसले. संशोधकाचा स्वभाव म्हणायचा, दुसरं काय.

पन्नाशीच्या आसपास भिसे न्यूयॉर्कला गेले. तिथे ओतकामाच्या यंत्रावर काम चालूच राहिलं, पण नाव आणि पैसा मिळवून दिला तो एका औषधानं. आयोडिनपासून बनवलेलं ते औषध ॲटोमिडिन नावानं विकलं गेलं. अमेरिकन वर्तमानपत्रं त्यांना हिंदुस्थानचा एडिसन म्हणू लागली आणि खुद्द एडिसनशी त्यांची भेटही झाली. उतारवयात अध्यात्माकडे वळले, आणि आत्म्यांशी बोलायचा टाइपरायटर बनवायला घेतला. खिळ्यांचं वेड तिथेही सुटलं नाही.

७ एप्रिल १९३५ ला न्यूयॉर्कमध्ये ते गेले. मागे २०० च्या आसपास शोध आणि ४० च्या घरात पेटंट, असा हिशोब सांगितला जातो.

आता परत घोडपदेवच्या फिटरकडे. त्यानं अर्ज केल्यावर तपासणीची मागणी वेगळी करावी लागते. २०२४ च्या नियमांपासून त्यासाठी साधारण ३१ महिन्यांची मुदत आहे, आधी ४८ होती. मग एक्झामिनरचा पहिला अहवाल येतो आणि उत्तराला सहा महिने मिळतात. आणि हो, अर्जाआधी त्या चापाची रील टाकलीत, तर ती रीलच तुमच्या विरोधातला पुरावा ठरू शकते.

मंजूर झालं तर हक्क २० वर्षांचा. भिसेंच्या पेटंटची मुदत कधीच संपली, ती यंत्रं आज कुणीही बनवू शकतो. पण त्यांचे आराखडे पेटंटच्या दप्तरात आहेत. साच्यातून धातू ओतणाऱ्या एखाद्या यंत्राचा अर्ज आज आला, तर हे आधी होतं का म्हणून शोधणाऱ्या एक्झामिनरसमोर भिसेंचा कागद अजूनही येऊ शकतो.